‘पुरुषाची जातच तशी’

श्रोतेहो, नमस्कार. ‘शेवटी मुलीची जात’ किंवा ‘पुरुषाची जातच तशी’ असे आपण सहज बोलून जातो, तेव्हा माणसाचे वागणे शरीराबरोबरच ठरून येते, हे आपण न तपासता मान्य केलेले असते. शरीराचा वाटा नाकारण्याचे काहीच कारण नाही. वयात येताना टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळे मुलाचा आवाज फुटतो, स्नायू भरतात. माझा आक्षेप आहे तो ‘जातच’ मधल्या ‘च’ला.

मेघालयातील खासी समाजात वंश आईकडून चालतो आणि पूर्वापार चालत आलेले घर धाकट्या मुलीकडे जाते. (अशा घरालाही मराठीत ‘वडिलोपार्जित’ म्हणावे लागते!) उरी नीझी, केनेथ लेनर्ड आणि जॉन लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी तेथे आणि टांझानियातही केलेला प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन मीटरवरच्या बादलीत टेनिसचा चेंडू दहा वेळा टाकायचा. मोबदला कसा घ्यायचा, हे मात्र आधी सांगायचे: बादलीत पडलेल्या प्रत्येक चेंडूला ठरावीक रक्कम, की अनोळखी प्रतिस्पर्ध्यावर मात केली तरच तिप्पट. टांझानियातील पितृसत्ताक मसाई समाजात चढाओढ पत्करली ५० टक्के पुरुषांनी आणि २६ टक्के स्त्रियांनी. खासींमध्ये मात्र ५४ टक्के स्त्रियांनी आणि ३९ टक्के पुरुषांनी.

मसाई आणि खासी यांच्यात समुद्र आहे, तेव्हा रक्तच निराळे असेल, अशी शंका कोणी घेईल, आणि ती रास्त आहे. म्हणूनच २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात खासींची तुलना त्यांच्या शेजारच्या, भातशेतीवरच जगणाऱ्या, पण मुलाला वारसा देणाऱ्या कार्बींशी केली गेली. या वेळी पाहायची होती ती चढाओढ नव्हे, तर आकार ओळखून जुळवण्याची क्षमता: चार तुकडे जुळवून चित्र पूर्ण करायचे होते. कार्बी पुरुषांनी ते स्त्रियांपेक्षा सुमारे ३६ टक्के कमी वेळात जुळवले. खासींमध्ये असा फरक आढळला नाही. कार्बींमधील तफावतीचा काही भाग तर स्त्रियांच्या कमी शिक्षणानेच उलगडला.

यावरून खासी समाज म्हणजे स्त्रियांचे राज्य, असे मात्र कोणी समजू नये. घर मुलीचे असले तरी घरातल्या व्यवहारात मामाचा शब्द वजनदार असतो, आणि गावाचा कारभार पाहणाऱ्या ‘दोरबार’मध्ये परंपरेने पुरुषच बसत आले आहेत.