वरच्या मजल्यावरची काठी

(पणजीतल्या एका वसंत व्याख्यानमालेतलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

नमस्कार मंडळी.

पत्रिका पाहिलीत ना? काल ज्ञानेश्वरी झाली, उद्या मधुमेह आहे, आणि मधे मी. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "आपल्या पणजीतले बार." फोनवर पलीकडून थोडा वेळ आवाजच आला नाही. मग म्हणाले, "बाब, छापताना 'पणजीची संध्याकाळ' असं छापलं तर चालेल?" म्हटलं, छापा की. बारला निघालेला माणूस घरी तरी दुसरं काय सांगून निघतो?

माझा अधिकार काय, ते आधी सांगतो. मी एका मराठी दैनिकात रात्रपाळीचा मुद्रितशोधक होतो. काणकोण, सत्तरीकडे जाणारी डाक आवृत्ती नऊ-सव्वानऊला सुटायची आणि शहर आवृत्तीची पानं हाती यायला पाऊण तास असायचा. तो पाऊण तास मी बारमध्ये काढला. रोज. हसू नका, कामाच्या दिवशी मी फक्त लिंबू-सोडा घ्यायचो. एकदाच नियम मोडला, तर दुसऱ्या दिवशीच्या अंकात सगळे ऱ्हस्व दीर्घ झाले होते. त्यामुळे बार आतून, पण शुद्धीत पाहिलेला माणूस म्हणून मला बोलवलंय असं समजा.

बाहेरून येणाऱ्याला गोव्याची रात्र म्हणजे बागा, कळंगुट, हणजूण, वागातोर. ती रात्र आहे, मोठी आहे, तिच्यावर हजारोंची पोटं चालतात. मी तिच्याबद्दल बोलणार नाही, कारण तिथे मी पाहुणाच. मांडवीत उभी असलेली कॅसिनोची जहाजंही सोडून देतो. त्यांचे दिवे आमच्या खिडकीतून दिसतात, पण तिथे शेजारी कोणी नसतं. खेळणाऱ्याच्या बाजूला बसलेला माणूस शेजारी होत नाही.

मला बोलायचंय मळा, फोंताईन्हास आणि सांव तोमे या तुकड्याबद्दल. आल्तिन्होच्या डोंगराचा पायथा आणि ऑरेमची खाडी यांच्यामधली ही चिंचोळी पट्टी. एका टोकाला फिनिक्सची झर, तिच्यावरूनच फोंताईन्हास हे नाव पडलं. वर मारुतीचं देऊळ, खाली सेबास्तियानचं कपेल, म्हणजे छोटं चर्च. दुसऱ्या टोकाला पोस्ट आणि सरकारी छापखाना. मुंबईवाल्याला शहर म्हटलं की हसू येतं. 2011 च्या जनगणनेत अख्खी पणजी चाळीस हजारांच्या आसपास होती, तेवढी माणसं त्यांच्याकडे एका गाडीतून उतरतात. पण राजधानी ती राजधानीच, 1843 पासूनची.

या पट्टीत बार किती, हे मला विचारू नका, मी मोजायला गेलो की मधेच बसतो. दोन-तीन मात्र सांगतो. सांव तोमेतला जोसेफ बार आता सगळ्यांना ठाऊक झालाय. खोली एवढीशी, की आत चार माणसं असली तर पाचव्याने पेला घेऊन रस्त्यावर उभं राहायचं. तिथे फेणी आणि कोकमाचं 'तांबडे रोजा' नावाचं पेय मिळतं. फेणीच्या वासाला नाक मुरडणाऱ्या नव्या पोरांना त्या लाल रंगाने वश केलं. आमच्या आज्यांचं कोकम असं कामाला येईल हे कोणाला वाटलं होतं? एकतीस जानेवारी रस्त्यावर वेनिते आहे. लाकडी जिना, कुरकुरणारी फळ्यांची जमीन, भिंतींवर लोकांनी लिहून ठेवलेला मजकूर, आणि रस्त्यावर झुकलेल्या सज्जात जेमतेम एक मेज मावेल एवढी जागा. त्या मेजासाठी मी किती वेळा ताटकळलोय! सज्जात बसलं की खालून जाणाऱ्याच्या डोक्यावरचं टक्कल दिसतं, ओळख पटते, हाक मारता येते. क्लुब नासियोनालचं नाव घेतलं की कार्निव्हालच्या शेवटच्या रात्रीचा लाल-काळा नाच आठवतो. एरवी त्या इमारतीकडे कोणी मान वर करून बघत नाही.

आणि बागेसमोरचा क्लुब वास्को द गामा. 1909 सालचा. वरच्या मजल्यावर, खाली गार्सिया द ऑर्ता उद्यान. इथे जरा थांबतो, कारण ही जागा मला फार आवडते आणि तिचं कारण तिथल्या बाटल्या नाहीत. ज्याच्या नावाची ही बाग, तो ऑर्ता सोळाव्या शतकातला वैद्य. त्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. त्यात नारळाच्या प्रकरणात सुरेपासून, म्हणजे माडीपासून, गाळलेल्या दारूची हकिगत आहे. कापड त्या दारूत बुडवून पेटवलं की दारू जळते, असं तो लिहितो. पहिल्या धारेच्या कडक मालाला लोक 'फुल' म्हणतात आणि उरलेल्याला 'उर्राक'. आपल्या काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा हाच शब्द, साडेचारशे वर्षांहून जुना! मूळ अरबी 'अरक', आपल्या मराठीत तोच 'अर्क' होऊन औषधाच्या बाटलीत गेला आणि गोव्यात उर्राक होऊन बारमध्ये आला. काजूचं मात्र ऑर्ताच्या ग्रंथात नावही नाही. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणला. म्हणजे दारूचं नाव आधी, फळ मागाहून. मुद्रितशोधकाला अशा गोष्टीचा आनंद फार.

आता एप्रिल चालू आहे आणि उर्राकाबद्दल न बोलता मी खाली बसलो तर मळ्यात तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

काजूची बोंडं झाडावरून तोडत नाहीत, पडलेली वेचतात. बी पिरगाळून वेगळी करायची आणि बोंडं कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या कुंडीत, टाकून पायांनी तुडवायची. चोथ्याचा ढीग वजनाखाली दाबून ठेवला की जो स्वच्छ रस ठिबकत राहतो तो नीरो, तो तसाच प्यायचा, मुलांनीही. तुडवलेला रस दोन-तीन दिवस आंबला की भाटीवर चढतो. तांब्याच्या भाणातून, म्हणजे भट्टीवरच्या भांड्यातून, पहिल्यांदा निघतो तो उर्राक, जोर साधारण पंधरा टक्के. तो पुन्हा रसाबरोबर चढवला की फेणी, बेचाळीसच्या पुढेमागे. फेणी गराफांवात, म्हणजे काचेच्या मोठ्या बुधल्यात, वर्षानुवर्षं राहते. उर्राकाला तेवढा धीर नाही. मार्च ते मे, पावसाने तोंड दाखवलं की खेळ खल्लास. म्हणून या दिवसांत बारचा चेहरा बदलतो. एरवी बिअर घेणारा माणूस "उर्राक आयलो?" विचारत येतो. कोणत्या गावचा, वाळपयचा की धारगळचा, यावर वाद होतात. बाटली हलवून बुडबुड्यांची माळ बघतात. पेल्यात उर्राक, वर लिम्का, चिमूटभर मीठ, लिंबाची फोड आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची. मिरचीला हसणाऱ्यांनी एकदा घेऊन बघावं.

फेणीची एक गंमत सांगतो. काजू फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण कायद्याच्या पुस्तकात ती 'देशी दारू' होती, त्यामुळे राज्याबाहेर तिला मान नव्हता. 2016 मध्ये गोवा सरकारने तिला वारशाचं पेय ठरवलं. तोवर स्कॉचला पासपोर्ट होता, फेणीला सीमेवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडताना चोरासारखं जावं लागत होतं. सावंतवाडीकडचे माझे एक नातेवाईक मुंबई राज्याच्या दारूबंदीतल्या दिवसांचे किस्से सांगायचे. ते किस्से इथे सांगत नाही, त्यांची नातवंडं सभागृहात बसली आहेत.

बारमध्ये बसायची रीत असते, ती पुस्तकात नाही. दुपारी एक ते चार दार बंद. ठोठावू नये, मालक झोपलेला असतो आणि त्याने झोपलेलंच असावं. आत शिरल्यावर एकदम मागवायचं नाही. आधी बसायचं. पात्रांव, म्हणजे मालक, आपणहून "कितें जाय?", काय हवं, म्हणतो. चणे आले तर ते बिलात धरू नयेत. गाड्यावरचं रोस ऑम्लेट, म्हणजे रश्शातलं ऑम्लेट, आणून खाल्लं तर चालतं, पण आधी पात्रांवाला विचारायचं. आणि कोपऱ्यात एकटा बसलेल्याला बोलतं करायला जाऊ नये. त्याला बोलायचं असतं तर तो घरीच थांबला असता. उधारीची वही अजून काही ठिकाणी आहे. तिच्यात नाव लागणं हा मतदारयादीत नाव येण्यापेक्षा मोठा मान, आणि चुका तशाच.

आता ज्यासाठी मी उभा राहिलो ते.

मी पाऊण तास ज्या बारमध्ये काढायचो त्याचं नाव सांगत नाही, मालकाच्या मुलाला आवडणार नाही. खाली बार, वर घर. मधे फक्त लाकडी फळ्या. वर मालकाची आई राहायची. दहा झाले की ती काठी घेऊन जमिनीवर दोनदा हाणायची. ठक, ठक. खाली सगळे पेले रिकामे. कोणी "अजून एक" म्हणायची छाती केली नाही. एकदा एक नवखा फॉरेस्टचा माणूस म्हणाला, "उंदीर फार झालेत वर." अख्खा बार हसला, आणि वरून तिसरी ठक आली.

त्या बारमध्ये गाणं असायचं, कधी कोंकणी मांडो, कधी रेडिओवरचं नाट्यगीत, मालक हिंदू की ख्रिस्ती यावर अवलंबून नसायचं. भांडणंही व्हायची. पण आवाज कुठे थांबवायचा हे सगळ्यांना माहीत होतं, कारण वर एक माणूस झोपायचं होतं आणि उद्या सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलपाशी तिला तोंड द्यायचं होतं.

आई गेली. मुलगा पर्वरीला फ्लॅटमध्ये गेला. वरचा मजला पाहुण्यांना भाड्याने द्यायला लागला, दोन रात्री, तीन रात्री. जे वर राहतात ते खाली पितात. काठी कोण वाजवणार? आता शेजारचे पोलिसांना फोन करतात. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा नाही हा नियम 2000 सालापासून आहे, पण पोलिसाचा फोन आणि म्हातारीची काठी यांत फरक आहे. काठीनंतर दुसऱ्या दिवशी बोलणं चालू राहायचं. फोननंतर दोन घरं बोलेनाशी होतात.

म्हणून कुठला बार चांगला असं मला विचारतात तेव्हा मी म्हणतो, मान वर करून बघा. वरच्या खिडकीत कपडे वाळत आहेत? तुळशीची किंवा जिरेनियमची कुंडी आहे? मग आत जा. वर पिवळी भिंत नवी रंगवलेली, खिडकी बंद आणि दाराला आकड्यांचं कुलूप असेल, तर पेय उत्तम मिळेल, फोटोही सुंदर येईल. पण तो शेजारचा बार नाही, शेजार गेलाय. फोंताईन्हासमध्ये काही दारांवर 'फोटो काढू नका' अशा पाट्या लागल्या आहेत. पाहुणे त्या पाटीचाच फोटो काढतात.

कायद्याने बार मरतात असं आम्हाला 2017 मध्ये वाटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूविक्री बंद केली, लहान वस्तीसाठी ते अंतर 220 मीटरवर आणलं. गोव्यासारख्या अरुंद मुलखात महामार्गापासून लांब जायचं तर माणूस समुद्रात पडतो. गावोगावचे बार एप्रिलमध्ये बंद झाले. काहींनी दार मागच्या बाजूला काढून वळसा वाढवला. जुलैत पालिका हद्दींना सूट असल्याचं न्यायालयाने स्पष्ट केलं, आणि हळूहळू बरेच परत उघडले. तो घाव भरला. वरचा मजला रिकामा होण्याचा घाव कुठल्या निकालाने भरेल, मला दिसत नाही. घरमालकाला दोष देता येत नाही. दोनशे वर्षांच्या घराची कौलं परतायला पैसे लागतात आणि ते म्हातारीच्या काठीतून येत नाहीत.

प्रश्न विचारायचे होते ना? हां, तुम्ही बोला, ताई.

(एका श्रोत्या बाईंनी विचारलं, हे सगळं पुरुषांचंच झालं, बायकांनी काय करावं?)

बरोबर धरलंत. जुना तावेर्न, म्हणजे दारूचा गुत्ता, पुरुषांची खोली होती, हे मी गोड करून सांगितलं. गंमत अशी की काउंटरच्या मागे बहुतेक बाईच असायची. माप तिच्या हातात, वही तिच्या हातात, कोणाला तिसरा द्यायचा नाही हा निर्णय तिचा. पण काउंटरच्या पुढे बाई बसली की अख्खा बार गप्प. मी स्वतः त्या गप्प बसणाऱ्यांपैकी होतो, हे कबूल करतो. माझी बायको मळ्यात जन्मली, त्या बारपासून सहाव्या दारात, आणि लग्नानंतर बावीस वर्षांनी पहिल्यांदा आत आली. तेही छत्री विसरलो होतो म्हणून.

आता तसं नाही. गेल्या महिन्यात मी गेलो तर माझ्या नेहमीच्या मेजावर शेजारच्या तिघी बसलेल्या, एक तर माझ्या मुलीची बाई, शाळेतली. मला म्हणाल्या, "बसा सर, खुर्ची ओढा." मी लिंबू-सोडा मागवला. त्यांनी पात्रांवाला परत बोलावलं आणि लिम्का फार झालाय म्हणून उर्राक वाढवून मागितला.