कडक भाकरीचा प्रवास

परातीत थाप पडतेय. तव्यावरून उतरलेली पातळ भाकरी निखाऱ्यासमोर उभी केलीय, ओलावा पार जाईपर्यंत. हातात घेतली की पापडासारखी मोडते. ही सोलापूरची कडक भाकरी.

ज्वारीचं पीठ फार दिवस ठेवता येत नाही. विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, गेली की भाकरी थापताना तुटते. पण भाकरी कडक केली की तीच ज्वारी कितीतरी दिवस टिकते, पुण्या-मुंबईच्या दुकानांत पोचते. अन्नप्रक्रिया म्हणतात ती हीच, आणि आपल्या बायांना ती आईकडून आलेली आहे.

मंगळवेढ्याच्या काळ्या, खोल जमिनीत मालदांडी ज्वारी पिकते ती जमिनीतल्या ओलीवर. 2016 मध्ये या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी सोलापूरच्या डाळिंबालाही.

डाळिंबाचं दुखणं वेगळं. सांगोल्याच्या बागेत तेल्या रोग आला की सालीवर काळे डाग पडतात. फळ तडकलं नसेल तर आतले दाणे पुष्कळदा चांगलेच असतात. व्यापारी मात्र साल बघतो, आणि वर्षभर राबून वाढवलेला माल मिळेल त्या भावात जातो. ते बघताना जीव तुटतो. याच दाण्यांचा रस होतो, वाळवून अनारदाणा होतो. पण त्याला यंत्र हवं, शीतगृह हवं, भरवशाची वीज हवी.

पंढरपूरजवळ कासेगावच्या द्राक्षबागायतदारांनी वाट काढली. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. तो शीतगृहात थांबू शकतो. भाव पडला म्हणून त्याच दिवशी विकावं लागत नाही.

भाकरीवाल्या ताईंना थांबणं परवडत नाही. सुगीत ज्वारी स्वस्त असते तेव्हा वर्षाची भरायला रोकड लागते. 2020 पासून केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना आहे. प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान. ते मिळतं बँकेच्या कर्जाला जोडून. चूल बाईची, सातबारा बहुतेक घरांत नवऱ्याच्या नावावर. बँकेत बोलणं तिथेच अडखळतं, आणि माझ्या मते खरी अडचण हीच आहे.

संध्याकाळ. पुण्याच्या गाडीत खोकं चढतंय. भाकऱ्यांच्या चवडीभोवती वर्तमानपत्र कोंबलंय, कोपऱ्यात शेंगाचटणीची पाकिटं. मोडलेली भाकरी दुकानदार परत पाठवतो. ताई खोक्यावर हात ठेवून ड्रायव्हरला सांगतात, “दादा, हे सगळ्यांत वर ठेवा.”