वाईट बातमी सांगता येईल असं अनुदान

नमस्कार श्रोतेहो.

देणगी देणारी फाउंडेशन्स आणि त्या पैशावर प्रत्यक्ष काम करणाऱ्या सेवाभावी संस्था यांच्यातल्या नात्याबद्दल आज मला बोलायचं आहे. विषय पैशाचा असला तरी मला त्यातला एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. ‘आम्ही ठरवलं होतं ते जमलं नाही’ असं एखादी संस्था आपल्या देणगीदाराला तोंडावर सांगू शकते का? बहुतेक ठिकाणी नाही सांगू शकत. आणि तोवर परिणाम मोजण्याची कितीही मोठी यंत्रणा उभारली, तरी तिच्यातून खरं बाहेर येणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

सांगता आलं, तर काय होतं ते आधी बघू. बांगलादेशच्या उत्तरेला रंगपूर भागात भाताची लावणी आणि कापणी यांच्या मधल्या काळात शेतमजुरांच्या हाताला काम नसतं. घराघरांत जेवणाला कात्री लागते. तिथं या दिवसांना ‘मोंगा’ म्हणतात. २००८ मध्ये काही संशोधकांनी तिथल्या कुटुंबांना शहरात जाऊन काम शोधता यावं म्हणून बसभाड्यापुरते पैसे देऊन पाहिले. माणसं गेली, कमावून परतली, घरात खाण्यापिण्यावर जास्त खर्च होऊ लागला. पुढे इव्हिडन्स ॲक्शन या संस्थेनं हाच कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर राबवला. देणगीदारांनी तो उचलून धरला. पण २०१७ मध्ये या वाढलेल्या कार्यक्रमाची पुन्हा काटेकोर चाचणी झाली, तेव्हा दिसलं की पैसे दिल्यामुळे बाहेरगावी जाणाऱ्यांची संख्या वाढलीच नव्हती आणि उत्पन्नातही फरक पडला नव्हता. संस्थेनं हे निकाल स्वतः जाहीर केले आणि २०१९ मध्ये कार्यक्रम बंद केला.

मला या संस्थेबद्दल मनापासून आदर वाटतो. पण नुसतं धैर्य वाखाणून थांबू नये. तिच्या हाताशी दुसरे कार्यक्रम होते. एक बंद पडला म्हणून संस्थेला टाळं लागणार नव्हतं. शिवाय पाठीशी असलेल्यांना खऱ्या आकड्यांची किंमत होती. खरं बोलणं परवडावं लागतं, आणि ते परवडेल अशी सोय करणं बऱ्याच अंशी फाउंडेशनच्या हातात असतं.

आता दुसरं टोक पाहा. आठ-दहा कार्यकर्त्यांची एक संस्था आहे. शाळा सुटलेल्या मुलांना पुन्हा वर्गात आणण्याचं काम करते. तिला चार ठिकाणांहून अनुदान मिळतं, प्रत्येक वेळी एकेका वर्षाचं. वर्ष संपत आलं की अहवाल लिहिणारी कार्यकर्ती चार वेगवेगळे तक्ते उघडून बसते. एकाला चौदा वर्षांखालची मुलं हवीत, दुसऱ्याला अठराखालची. एक जण एकदा वर्गात येऊन गेलेल्या मुलालाही ‘लाभार्थी’ धरतो, दुसरा सहा महिने टिकलेल्यालाच. मुलं तीच, गाव तेच, आणि आकडे चार. तिसरा देणगीदार विचारतो, ‘किती मुलांचं आयुष्य बदललं?’ रकाना फक्त संख्येचा आहे. ती काय लिहिणार? पुढच्या वर्षीचा हप्ता या कागदावर अवलंबून आहे. ज्या मुली पुन्हा शाळा सोडून गेल्या, त्या का गेल्या हे तिला नेमकं ठाऊक आहे. ते लिहायला तक्त्यात जागाच नाही. आणि तिला जे ठाऊक आहे, तेच तर सगळ्यात मोलाचं आहे!

लहान रकमेसाठी मोठा अहवाल मागणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. अर्ज, भेटी, खुलासे, अहवाल यांत संस्थेचे किती दिवस गेले, ते अनुदानातून वजा करून पाहावं. काही अनुदानांत हाती फारसं उरत नाही.

मग ‘प्रशासकीय खर्च’ येतो. हिशेबनीस, भाडं, संगणक, प्रशिक्षण, लेखापरीक्षण यांवर खर्च झाला की देणगीदार नाक मुरडतात. म्हणून संस्था तो दाबतात, कधी लपवतात, आणि मग हिशेब कच्चे राहिले म्हणून त्यांनाच बोल लागतो. २०१३ मध्ये गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या अमेरिकेतल्या तीन संस्थांनी देणगीदारांना खुलं पत्र लिहिलं. सेवाभावी संस्थांची माहिती आणि मूल्यमापन लोकांपुढे ठेवणं हेच त्यांचं काम. नुसत्या वरखर्चाच्या टक्क्यावरून संस्थेची पारख करू नका, असं त्यांनी त्या पत्रात सांगितलं. तरी ही सवय गेलेली नाही. परिणाम मोजायला माणूस लागतो, आणि त्याचा पगार याच रकान्यात पडतो. मोजमाप हवं, पण मोजणाऱ्याचा पगार देणार नाही, हा हट्ट सोडलाच पाहिजे.

अमेरिकेतल्या फोर्ड फाउंडेशननं २०१६ मध्ये ‘बिल्ड’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात पाच वर्षांचा पैसा, बराचसा मोकळा, आणि संस्थेची घडी बसवण्यासाठी वेगळी मदत होती. अमेरिकेतल्या अब्जाधीश देणगीदार मॅकेन्झी स्कॉट यांनी २०२० पासून शेकडो संस्थांना मोठ्या रकमा कोणत्याही कामाशी न बांधता दिल्या. प्रत्येक फाउंडेशनला एवढं जमणार नाही. पण एका वर्षाऐवजी तीन वर्षांचं वचन देणं लहानातल्या लहान न्यासालाही जमतं. थोडी गंगाजळी राखायला परवानगी देण्यासाठी तर जास्तीचा पैसाही लागत नाही.

यावर कुणी म्हणेल, म्हणजे विश्वास ठेवा आणि मोजू नका? मुळीच नाही. मोजलं नाही तर काय होतं, याचं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. अमेरिकेत बॉस्टनजवळ केंब्रिज आणि सॉमरव्हिल इथं १९३९ मध्ये मुलं गुन्हेगारीकडे वळू नयेत म्हणून एक कार्यक्रम सुरू झाला. शेकडो मुलगे निवडले, त्यांच्या जोड्या लावल्या आणि जोडीतल्या एकाला मदत दिली: घरी नियमित भेटी, शिकवणी, औषधोपचार, उन्हाळी शिबिरं. १९४५ पर्यंत हे चाललं. तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड या संशोधिकेनं त्यांचा माग काढला. मदत मिळालेल्यांपैकी बहुतेक जण म्हणाले, आमचं भलं झालं. नोंदी मात्र वेगळं सांगत होत्या. मदत मिळालेल्या गटात दारूचं व्यसन, गंभीर मानसिक आजार, पुन्हा गुन्हा करणं हे दुसऱ्या गटापेक्षा जास्त होतं. सगळ्यांचा हेतू चांगला, लाभार्थी समाधानी, आणि तरी नुकसान! तुलनेचा गट नसता तर हा कार्यक्रम यशाची कहाणी म्हणून सांगितला गेला असता.

म्हणून मदत मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांची तुलना करणाऱ्या काटेकोर चाचण्या हव्यातच. २००३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात सुरू झालेल्या जे-पाल या केंद्रानं ही पद्धत जगभर नेली. अभिजीत बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच वाटेवरच्या कामासाठी. पण आठ-दहा माणसांच्या संस्थेकडून अशी चाचणी मागू नये. ते काम फाउंडेशन्सनी एकत्र येऊन, स्वतःच्या खर्चानं करायचं असतं. आणि जे आधीच सिद्ध झालं आहे, ते पुन्हा सिद्ध करायला लावू नये. कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्यांनी मलेरियामुळे होणारे बालमृत्यू कमी होतात, हे मोठ्या चाचण्यांतून दिसलेलं आहे. त्या वाटणाऱ्या संस्थेला ‘किती जीव वाचवले’ असं कशाला विचारायचं? मच्छरदाणी घरात पोचली का, सहा महिन्यांनी ती अंथरुणावर टांगलेली आहे की पेटीत घडी करून ठेवलेली आहे, फाटली आहे का, मुलं तिच्यात झोपतात का, हे विचारावं. याची उत्तरं कार्यकर्त्याला डोळ्यांनी बघता येतात आणि पुढच्याच फेरीत सुधारणाही करता येते.

ज्या माहितीनं कुणाचाच निर्णय बदलणार नाही, ती मागूच नये. माझी कसोटी एवढीच. अहवालातला प्रत्येक रकाना घ्यावा आणि फाउंडेशनच्या अधिकाऱ्यानं सांगावं, हा आकडा निम्मा आला तर मी काय वेगळं करीन. उत्तर नसेल तर रकाना काढून टाकावा.

आणि फाउंडेशनचं मोजमाप कोण करणार? अनुदान घेणारा तोंडावर तक्रार करत नाही. २००१ मध्ये सुरू झालेलं सेंटर फॉर इफेक्टिव्ह फिलांथ्रॉपी हे अमेरिकेतलं केंद्र अनुदान घेणाऱ्या संस्थांकडून नावं गुप्त ठेवून मतं गोळा करतं आणि ती फाउंडेशनपुढे ठेवतं. काही फाउंडेशन्स ते निकाल लोकांसमोरही मांडतात. प्रत्येकानं मांडावेत. आणि एवढी व्यवस्था ज्यांना शक्य नाही, त्या न्यासांच्या विश्वस्तांना माझी एक विनंती आहे. पुढच्या वर्षीचा अर्जाचा नमुना मंजूर करण्याआधी तो स्वतः, कुणाची मदत न घेता, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत भरून पाहा. किती वेळ लागला ते लिहून ठेवा, आणि मगच त्याच्यावर सही करा.

नमस्कार.