रामनदीचं पाणी येतं कुठून?

(दृश्य: फेब्रुवारीतली सकाळ. वाळलेल्या गवताचे डोंगर.)

मुळशी तालुक्यातल्या खाटपेवाडीचे हे डोंगर. रामनदी इथली. उगम दाखवा म्हणाल, तर बोट ठेवायला एक जागा नाही. चार-दोन ओघळ उतरतात, त्यांचा ओढा होतो, ओढ्याची नदी. भुकूम, भूगाव, बावधन, पाषाण, सुतारवाडी, सोमेश्वरवाडी, बाणेर करत ती औंधला मुळेला मिळते. सगळी वाट 20 किलोमीटरही भरत नाही.

पुण्यात कितीतरी जण तिला नाला म्हणतात. मला तो शब्द फार लागतो. नाला म्हटलं, की त्यात काय सोडलं, त्यावर काय बांधलं, हे कुणी विचारत नाही.

(दृश्य: बावधन. खडकातून झिरपणारं पाणी.)

पाऊस जाऊन चार महिने झाले. मग हे पाणी कुठलं?

बावधनला नदीकाठी हा झरा आहे. त्याचं उत्तर आपल्या पायाखालच्या दगडात आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले आणि हे डोंगर झाले. सगळे थर सारखे नाहीत. काळा पाषाण घट्ट. भेगा नसतील तर पाणी आत घेत नाही. त्याच्या जोडीला असतो मांजऱ्या, ठिसूळ, भोकाभोकांचा. विहिरी खोदणारे त्याला बरोबर ओळखतात. डोंगरावर मुरलेलं पाणी भेगांतून या मांजऱ्यात उतरतं, खालच्या पाषाणावर अडतं, आडवं सरकतं आणि थर जिथे उघडा पडतो तिथे झरा होऊन बाहेर येतं. पावसाळ्यात नदी आभाळाचं पाणी वाहते. नंतर ती जगते ती या दगडानं धरून ठेवलेल्या पाण्यावर.

एक हिशोब करून बघा. एक हेक्टर उतारावर 10 मिलिमीटर पाऊस पडला, की ते एक लाख लिटर पाणी होतं. उतारावर माती, गवत, झुडपं असतील तर त्यातलं बरंचसं जमिनीत उतरतं. तोच उतार कापून त्यावर काँक्रीट ओतलं, तर जवळजवळ सगळं पाणी तासाभरात नदीत येऊन आदळतं. आणि फेब्रुवारीत झरा आटतो. पूर आणि टंचाई, दोन्ही एकाच डोंगरावर तयार होतात.

ऑक्टोबर 2010 मध्ये पाषाण-बाणेर भागानं हे भोगलं. एका संध्याकाळी ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि जिला नाला म्हणत होते तिनं माणसं वाहून नेली. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर आखतात, ती यासाठीच. घर घेताना आपण पार्किंग विचारतो. ही रेषाही विचारा.

(दृश्य: पाषाण तलाव, जलपर्णी.)

या तलावाचं पाणी एके काळी गणेशखिंडीत गव्हर्नरच्या बंगल्याला जात असे. आज त्या वास्तूत विद्यापीठ आहे. आणि तलावावर जलपर्णी. ती दरवर्षी काढतात, ती पुन्हा येते, कारण तिचं खाद्य म्हणजे आपलं सांडपाणी. ते वरच्या गावांतच अडवून शुद्ध केलं नाही, तर हे काम कधी संपणार नाही.

पाणलोटाचं काम करणारे म्हणतात, माथा ते पायथा. आधी डोंगर, मग नदी. माथ्यावर समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीतले चर खणायचे, गवत राखायचं, वणवा लागू द्यायचा नाही. झऱ्याच्या वरच्या उताराला हात लावायचा नाही. काठ सिमेंटनं बांधून तिथे बाक ठेवले, की नदी सुधारली असं वाटतं. पण झऱ्याचं तोंड त्याच सिमेंटखाली गाडलं गेलं, तर नदीत उरेल फक्त सांडपाणी.

(दृश्य: औंध. रामनदी मुळेत उतरते.)

पुढे मुळेला मुठा भेटते. दोघी मिळून भीमेत जातात. मग उजनीचं धरण, मग पंढरपूर. तिथे तिला चंद्रभागा म्हणतात. आषाढीला वारकरी तिच्यात उतरतो, ओंजळ भरतो. त्या पाण्यात खाटपेवाडीच्या डोंगराचाही वाटा असतो.