टाकीवरची तोफ

(आवाज : किक. इंजिन घेत नाही. पुन्हा किक. मग धडधड.)

अ‍ॅमीटरचा, म्हणजे विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या तबकडीचा, काटा मधोमध आणायचा, इंजिनातला दाब सोडणारा डिकॉम्प्रेसर दाबायचा, मगच किक. घाई केली तर ती उलटी येऊन नडगी फोडते. उजव्या पायाशी गिअर, डाव्या पायाशी ब्रेक. जुनी बुलेट चालवणं म्हणजे तिच्या कलानं घेणं.

हिच्या चिन्हात तोफ आहे, आणि ती उगाच नाही. इंग्लंडमधल्या रेडिचची ही सायकल कंपनी १८९३ मध्ये एन्फिल्डच्या सरकारी बंदूक कारखान्याला सुटे भाग पुरवू लागली. त्यातून 'रॉयल एन्फिल्ड' हे नाव आलं, आणि 'बंदुकीसारखी घडवलेली' ही जाहिरातही. १९०१ मध्ये पहिली मोटरसायकल, १९३२ मध्ये बुलेट. दुसऱ्या महायुद्धात तर 'फ्लाइंग फ्ली' ही सव्वाशे सीसीची चिमुरडी गाडी पॅराशूट लावून विमानातून खाली सोडत.

स्वातंत्र्यानंतर आपल्या लष्करानं सीमेवरच्या गस्तीसाठी ३५० सीसीची बुलेट निवडली. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबर भागीदारी होऊन एन्फिल्ड इंडिया उभी राहिली, कारखाना मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला. १९७० पर्यंत इंग्लंडमधलं मूळ घर बसलं. दत्तक गेलेल्या पोरानं मात्र घराणं चालवलं, आणि १९७७ पासून गाड्या उलट इंग्लंडलाच धाडल्या!

आता गंमत बघा. नावात राजेशाही, चिन्हात तोफ, भारतातलं पहिलं मोठं गिऱ्हाईक लष्कर. सरकारशी इतकी जुनी सोयरीक असलेली गाडी जाहिरातीत दिसते ती हिमालयातल्या धुळीत, एकट्या स्वाराबरोबर. १९९४ मध्ये कंपनी ट्रक-ट्रॅक्टरवाल्या आयशरकडे आली. पुढे आयशरच्याच सिद्धार्थ लाल यांनी ती सावरली, आणि भर राहिला तो भटकंतीवर. कुणी याला भाबडेपणा म्हणेल. मला हा पक्का दुकानदारी शहाणपणा वाटतो. फौजदार, बागायतदार, लडाखला निघालेली कॉलेजची पोरं, सगळ्यांना एकच गाडी विकायची तर राजकारणावर तोंड मिटलेलं बरं.

बोलायचं काम स्वार करतातच. गुढीपाडव्याला गिरगावात नऊवारी नेसून, फेटा बांधून बायका हिच्यावरून शोभायात्रेत निघतात. निवडणूक आली की तिच्याच हँडलला झेंडे लागतात, ज्याचा त्याचा रंग. प्रचार संपला की झेंडा उतरतो, आणि दुसऱ्या दिवशी तीच गाडी दुधाचे कॅन घेऊन डेअरीच्या रस्त्याला लागते.

(धडधड दूर जाते.)