अंगणातलं शिसं

नमस्कार श्रोतेहो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, तिकडे हल्याळपर्यंत जिथं जिथं हा आवाज पोचतोय, तिथल्या सगळ्यांना नमस्कार.

आज शिशाबद्दल बोलायचं आहे. शिसं म्हणजे बॅटरीच्या प्लेटीतलं, मासे धरायच्या जाळ्याच्या गोळ्यांतलं, डागकामाच्या तारेतलं. शिसपेन्सिलीतलं नव्हे. शिसपेन्सिलीत शिसं नसतंच, ग्राफाइट असतं. तेव्हा पोरानं पेन्सिल चावली म्हणून त्याला मारू नका. पोरांना मुळी मारूच नये, हे माझं मत शाळेत बत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून पक्कं झालेलं आहे.

आता गोष्ट सांगते. माझ्याच घरातली आहे.

माझी आत्या खानापूर तालुक्यात, मलप्रभेच्या काठच्या एका गावात राहते. आतेभावाचं रस्त्याकडेला बॅटऱ्या दुरुस्त करायचं दुकान. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या. खराब झालेल्या प्लेटी तो घरी आणायचा आणि मागच्या अंगणात लोखंडी कढईत वितळवायचा. शिसं ३२७ अंशाला वितळतं, त्याला भट्टी लागत नाही, तीन दगडांची चूल पुरते. त्या शिशातून बॅटरीची टोकं ओतायची आणि उरलेल्यातून नदीत जाळं टाकणाऱ्यांना गोळ्या करून द्यायच्या. मी कितीदा त्या अंगणात खुर्ची टाकून चहा प्यायले आहे! कढईवर तरंगणारी राखाडी मळी त्यानं पळीनं काढून कुंपणाकडे भिरकावलेली पाहिली आहे. जन्मभर वर्गात शिशाचे गुणधर्म शिकवले, आणि माझ्या काही लक्षात आलं नाही.

त्याचा मुलगा तेव्हा सात वर्षांचा, दुसरीत. श्रावणात त्याचं पोट दुखायला लागलं. आत्यानं ओवा चघळायला दिला, बेंबीला हिंग लावला. जंतांचं औषध दोनदा झालं. संडासला चार चार दिवस होईना. पोरगं पांढरंफटक पडलं, कुणी बोललं की अंगावर धावायला लागलं. आत्यानं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. एका दवाखान्यात अपेंडिक्स असेल म्हणाले, ऑपरेशनची तारीखसुद्धा दिली.

अडवलं ते शाळेतल्या बाईंनी. त्या घरी आल्या आणि आत्याला म्हणाल्या, "आजी, ह्याला सातचा पाढा दिवाळीआधीच येत होता. आता पाचचाही येत नाही. पोट दुखणारं पोर पाढे कसे विसरेल?" हे त्या बाईंना कळलं, कारण त्यांच्या वर्गात अकरा मुलं होती. पट कमी म्हणून मराठी शाळा बंद करायची भाषा आपल्याकडे सारखी होते. अकरा मुलांच्या वर्गात प्रत्येक मूल बाईंच्या डोळ्यासमोर असतं, हे त्या हिशेबात कुणी धरत नाही. असो.

मग आम्ही पोराला बेळगावला एका वयस्कर डॉक्टरांकडे नेलं. मी सोबत होते. त्यांनी पोट दाबून पाहिलं, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. मग आत्याला विचारलं, "माती खातो काय?"

आत्या म्हणाली, "खातंय की. भिंतीचं पोपडं बी खातंय. सगळीच पोरं खात्यात."

"घरात कोण काय काम करतं?"

आतेभावानं सांगितलं. डॉक्टर खुर्चीतून उठले. आजारी होतं पोरगं, पण डॉक्टरांनी ओठ वर केला तो बापाचा. मला म्हणाले, "बाई, हे बघा." दात आणि हिरडी जिथं मिळतात, तिथं कडेनं एक बारीक काळी-निळी रेघ. पेनानं ओढावी तशी. रक्तातलं शिसं हिरडीपर्यंत येतं, दाताच्या कडेला साठलेल्या घाणीतल्या गंधकाशी मिळतं, आणि ती रेघ उठते. वर्षानुवर्षं तो आरशात दाढी करत होता, ओठ उचलून कोण बघतं?

दोघांचं रक्त तपासणीला गेलं. शिसं मोजायचं म्हणून वेगळं सांगावं लागतं बरं का, नेहमीच्या रक्ततपासणीत ते दिसत नाही. हे पुन्हा सांगते: नेहमीच्या तपासणीत शिसं दिसत नाही, मुद्दाम सांगून मोजून घ्यावं लागतं. आठवड्यानं कागद आला. पोराच्या रक्तात एका डेसिलिटरला ४५ मायक्रोग्रॅमच्या वर शिसं होतं. मुलांमध्ये या आकड्याला पोचलं की शिसं बाहेर काढायचं औषध द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. आणि त्याच संघटनेचं दुसरं म्हणणं असं की कमी असलं म्हणजे सुरक्षित, अशी शिशाची पातळीच नाही.

औषध गावात मिळालं नाही, बाहेरून मागवलं. १९ दिवसांचं. कॅप्सूल उघडली की सडक्या अंड्याचा वास, कारण त्यात गंधक असतं आणि तेच शिशाला धरून लघवीवाटे बाहेर नेतं. पोरगं नाक दाबून, गुळाचा खडा तोंडात धरून घ्यायचं. पण डॉक्टरांनी औषध सुरू करायच्या आधी आतेभावाला समोर बसवून सांगितलं, "मी पोराच्या अंगातलं काढणार आणि तू अंगणातून परत घालणार, असं चालणार नाही. आधी अंगण."

आधी अंगण! श्रोतेहो, आजच्या बोलण्यातलं एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे. आधी शिसं कुठून येतंय ते शोधा, ते बंद करा, मग औषध.

पोराला त्या १९ दिवसांत घरी ठेवलं नाही, माझ्याकडे बेळगावला ठेवलं. तिकडे अंगणाची वीतभर माती काढली, ती काढताना पाणी शिंपडून, धूळ उडू न देता. वर नवा मुरूम टाकून धुमसला. कढई आणि पळी घरातून कायमची गेली, ओतकाम बंद झालं. आतेभाऊ आता दुकानातच अंघोळ करतो, कपडे तिथंच बदलतो, आणि ते घरच्या कपड्यांत धुवत नाहीत. औषध संपलं आणि दोन आठवड्यांनी आकडा पुन्हा थोडा चढला. आत्या घाबरली. पण हे होतंच. शिसं हाडात जाऊन बसतं, शरीराला ते कॅल्शियमसारखं वाटतं, आणि रक्त जरा स्वच्छ झालं की हाडातलं हळूहळू खाली उतरतं. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्मं होतं, हाडातलं मात्र वीस-तीस वर्षं राहतं. म्हणूनच बाळंतपणात आईच्या हाडातलं जुनं शिसं बाळापर्यंत पोचू शकतं. पुन्हा पुन्हा मोजत राहावं लागतं.

आता वेळ थोडा राहिला आहे, भराभर सांगते.

मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशातलं साधारण दहावा हिस्सा अंगात शिरतं. लहान मुलाच्या बाबतीत जवळजवळ निम्मं. पोट रिकामं असेल तर आणखी. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी. म्हणून पोराला उपाशीपोटी खेळायला सोडू नका. नाचणीची आंबील, तीळ, पालेभाजी आणि वर लिंबू, हे आपल्या घरात असतंच. नाचणी सोडून पोरं बिस्किटांवर वाढवायची ही काय तऱ्हा आहे, मला कळत नाही. पण एक ध्यानात घ्या, खाण्यानं शिसं शिरायचं कमी होतं, शिरलेलं निघत नाही. अंग आतून धुऊन काढणारी म्हणून ज्या भुकट्या विकतात, त्यांच्या नादी लागू नका. भस्मातही शिसं असू शकतं, तेव्हा ते घ्यायचंच असेल तर जाणत्या वैद्याच्या हातून, जत्रेतल्या पुडीतून नव्हे. शिसं काढायचं खरं औषधसुद्धा डॉक्टरांशिवाय घेऊ नका. ते मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतं, शिशाबरोबर अंगाला हवं ते जस्तही घेऊन जातं.

हळद. घरी दळली म्हणजे शुद्ध, असं आपण धरून चालतो. पण लेड क्रोमेट नावाचा शिशाचा पिवळा रंग काही ठिकाणी हळकुंडाला पॉलिश करतानाच चोळतात. बांगलादेशात हे मोठ्या प्रमाणावर उघडकीला आलं आणि तिथल्या सरकारनं ते बंद पाडलं. तेव्हा फार पिवळीधमक, चकचकीत हळकुंडं घेऊ नका. मळकट बरी.

शेंदूर. गवयाला विड्यातून शेंदूर घालून आवाज घालवला, अशा नाटक कंपन्यांच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकल्या आहेत. अस्सल शेंदूर हा शिशाचाच ऑक्साइड, आणि शिसं नसांवर जातं हे खरं आहे, मनगट लुळं पडतं. मारुतीला वाहा, पण हात धुऊन मग पोराला घास भरवा.

आणि निपाणीकडच्या श्रोत्यांनो, तंबाखूचं पान जमिनीतलं कॅडमियम ओढून घेतं, हाही शिशासारखाच विषारी धातू. विडी ओढली की ते छातीत, तिथून मूत्रपिंडात. सोनार डागकामात पूर्वी हेच कॅडमियम वापरायचे, केडीएम सोनं म्हणतात ते. त्याचा धूर सोनाराच्या फुप्फुसाला घातक. त्यावर अंगातून काढून टाकायचं खात्रीचं औषध नाही. तिथंही उगमच बंद करायचा.

आत्या आता दारात येणाऱ्या प्रत्येकाला प्रश्न विचारते. गेल्या उन्हाळ्यात कल्हईवाला आला. आत्याच्या घरी अजून पितळेची पातेली आहेत, कल्हई नसली तर ताक कळकतं. कल्हई कथलाची हवी, पण कथील महाग, त्यात शिसं मिसळायचा मोह होतो. आत्यानं भाता लावायच्या आधी त्याच्याकडून कांडी मागून घेतली. शुद्ध कथलाची कांडी कानाशी धरून वाकवली तर आतून बारीक करकर ऐकू येते. शिसं मुकाट वाकतं. हे मीच तिला सांगितलं होतं. म्हातारीनं ती कांडी आधी स्वतःच्या कानाशी धरली, मग नातवाच्या.

"वाजतंय की गं, आजी," तो म्हणाला. मग तिनं पातेली बाहेर काढली.