कुंडीला डिबगर नसतो

(दृश्य: पोळपाट, मूठभर धने, लाटणं.)

कोड चुकला तर संगणक लगेच कळवतो, लाल अक्षरांत, ओळीच्या क्रमांकासकट. चूक हुडकायला डिबगर नावाचं साधनही हाताशी असतं. कोथिंबीर काही कळवत नाही. धने पेरल्यावर आठवडाभर, कधी दहा-बारा दिवस, कुंडीत नुसती माती दिसते. दर दोन मिनिटांनी निकाल बघायची सवय जडलेल्या माणसाला हे जड जातं. म्हणूनच तर ते करून बघायचं.

बाणेर, वाकड, हिंजवडी. घरून काम करणाऱ्यांची ही पुण्याची बाजू. कामातून उठून मोबाईल हातात घेतला, तर डोळ्यांसमोरचा पडदा फक्त लहान होतो. चिखलाने भरलेल्या बोटांनी फोन चालवता येत नाही, हा मातीचा मोठाच गुण.

धने वाण्याकडचे चालतात, फार जुने नकोत. अख्ख्या धन्यात दोन बिया असतात. म्हणून ते पोळपाटावर पसरून वरून लाटणं हलक्या हाताने फिरवायचं. करकर आवाज येतो, धना दुभंगतो. जोर जास्त झाला तर त्याची पूड होईल, ती आमटीत घाला. दुभंगलेले धने रात्रभर भिजवायचे आणि शेणखत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळलेल्या मातीत सेंटीमीटरभर खोल पेरायचे. चार-पाच तास ऊन मिळालं, तर सव्वा-दीड महिन्यात कात्री लावता येते.

(दृश्य: बोट मातीत खुपसलेलं.)

प्रोग्रामरच्या घरात झाडं मरतात ती बहुधा जास्तीच्या मायेने. मीटिंग लांबली, घाल पाणी. बिल्ड (कोडचा चालता प्रोग्राम बनवण्याचं काम) रखडला, घाल पाणी. मुळं कुजतात. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घालून बघा. ओल लागली तर झारी खाली ठेवा आणि मुकाट्याने खुर्चीवर जा.

गवती चहाचे मात्र असे लाड केले तरी चालतात. शेजारून एखादा ठोंब मागून आणायचा, मोठ्या कुंडीत लावायचा. पात कापली की जो वास सुटतो तो सिट्रल या सुगंधी द्रव्याचा, लिंबाच्या सालीतही ते असतं. आल्याबरोबर दोन पाती उकळल्या की चारचा चहा झाला.

यातून भाजीचा खर्च वाचेल या भ्रमात कुणी राहू नये. कुंडीभर कोथिंबीर दोनदा पोह्यांवर भुरभुरली की संपली. पावसाळ्यात जुडीचा भाव कडाडतो तेव्हा थोडा दिलासा मिळतो, इतकंच.

उन्हाळ्यात कोथिंबीर घाईने फुलावर येते, पानं दोऱ्यासारखी बारीक होतात. उपटू नका. पांढऱ्या फुलांमागून हिरवे धने धरतात, ते ताजेच चटणीत वाटा.

आणि पुदिना? जुडीतल्या जाड काड्या पेलाभर पाण्यात ठेवल्या, की आठ-दहा दिवसांत पेरांतून पांढरी मुळं फुटतात. पण त्याला वेगळी कुंडी द्या. तो शेजाऱ्याची जागा बळकावतो, आणि त्याच्याशी वाटाघाटी चालत नाहीत.